खडी, खार आणि ट्यूबलेस

अलिबागहून दक्षिणेस निघालेल्या कोणाही प्रवाशास रस्त्याच्या कडेला, टांगलेल्या जुन्या टायरवर किंवा पत्र्याच्या तुकड्यावर पांढऱ्या रंगाने रंगवलेली 'ट्यूबलेस पंक्चर' ही अक्षरे वरचेवर दिसतात. ती मोटारी आणि मोटारसायकली यांना उद्देशून आहेत. सायकलीस ती लागू नाहीत, आणि हे सायकलवाल्यास तिथे थांबल्यावरच कळते. टपरीवरचा माणूस 'ट्यूबलेस' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे असलेली वस्तू आणि सायकलवाल्याच्या चाकातली वस्तू यांच्यात नावापलीकडे फारसे साम्य नसते. प्रस्तुत लेखात आम्हांस बोलायचे आहे ते या नामसाम्याच्या फटीत अडकलेल्या एका निवडीविषयी. रायगडच्या किनाऱ्यावर डांबरी आणि कच्चा असा मिसळून प्रवास करणाऱ्याने सायकलीस कोणते ट्यूबलेस टायर लावावेत, हा तो प्रश्न.

हा विषय ज्यांना वाङ्मयबाह्य वाटेल त्यांना आम्ही एवढेच सांगू, की परका निकष आणि इथली भूमी यांच्या ज्या झगड्यावर देशीवादाच्या निमित्ताने आपल्याकडे चार दशके शाई खर्ची पडली, तो झगडा इथे ३५ पीएसआय दाबाखाली प्रत्यक्ष पाहावयास मिळतो.

मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोट सुरू झाली, आणि मुंबईकर सायकलवाल्यास वडखळच्या मालमोटारींना न भेटता अलिबाग तालुक्यात उतरण्याची सोय झाली. तेव्हापासून शनिवारी सकाळी मांडव्याच्या धक्क्यावर सायकलींची जी वर्दळ दिसते, तिच्यातील बऱ्याच सायकली 'ग्रॅव्हल' या जातीच्या आहेत. आता ग्रॅव्हल म्हणजे काय? या प्रकाराला ज्यांनी नाव मिळवून दिले त्या शर्यती दोन ठिकाणच्या. एक अमेरिकेतील कॅन्सस राज्यातली, २००६ पासून चालू असलेली, आज 'अनबाउंड' या नावाने ओळखली जाणारी. तिथल्या टेकड्यांवर चकमकीच्या दगडाच्या धारदार चिपा पसरलेल्या असतात. दुसरी इटलीतील टस्कनीची, २००७ पासूनची 'स्त्रादे बियांके', म्हणजे पांढऱ्या रस्त्यांची. तिथली माती चुनखडीची, दाबून बसलेली, वर पिठासारखी धूळ. टायरविषयीचे जे परीक्षण आपण वाचतो, ते या दोन भूमींपैकी एकीवर, किंवा त्यांच्या चुलत बहिणींवर, लिहिलेले असते. परीक्षक प्रामाणिक असतो, त्याचे मोजमाप अचूक असते. फक्त त्याच्या रस्त्यावर खारेपाट नसतो.

मराठीत 'ग्रॅव्हल'ला एक शब्द नाही ही आम्हांस उणीव वाटत नाही. खडी, मुरूम, रेती, वाळू, चुरी, गोटे असे शब्द आपल्याकडे आहेत आणि त्यांतला प्रत्येक शब्द टायरकडून वेगळे काही मागतो. खडी म्हणजे काळा कातळ फोडून काढलेले, कोनाकोनांचे तुकडे. उत्तर रायगडात ती सर्वत्र, कारण जमीनच बेसाल्टची. पावसाळ्यात डांबर उखडते, खड्ड्यातली खडी रस्त्यावर पसरते. पुढे खड्डे भरण्यासाठी आणखी खडी येते आणि तीही पसरते. ही खडी टायरच्या माथ्याला फारसे काही करीत नाही. ती कापते ती बाजू, ज्याला दुकानात साइडवॉल म्हणतात. दक्षिणेस मुरुड, श्रीवर्धनच्या माळांवर जांभा लागतो. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन यांनी या दगडाला केरळात पाहून 'लॅटेराइट' हे नाव दिले, विटेवरून. आणि खरोखरच तो विटेसारखा झिजतो, त्याची कड बोथट होते, त्याचे सुटे खडे वाटोळे असतात. जांभ्यावर टायर कापत नाही, घसरतो. श्रावणात त्यावर शेवाळ धरले की कॅन्सस आणि टस्कनी यांचे सारे शास्त्र तिथे संपते.

आणि मग खार. अलिबाग आणि पेण यांच्यामधला खारेपाट, जिथे १९३३ ते १९३९ असा सहा वर्षे चरीचा शेतकरी संप चालला, तिथे भातशेती उभी आहे ती समुद्राचे पाणी थोपवणाऱ्या बांधांच्या आधारावर. या बांधांवरून सायकल नेण्यासारखा आनंद दुसरा नाही. एका हातास खाडीचा चिखल आणि त्यावर निवट्या, दुसऱ्या हातास शेत, मध्येच उघाडी. रहदारी नाही, चढ नाही. पण बांधाची चिकणमाती पावसाळ्यानंतर वाळताना गुरांच्या खुरांचे ठसे तसेच घट्ट करून ठेवते, आणि मार्चपर्यंत ते ठसे विटेइतके टणक होतात. जिथे खांडी गेलेल्या असतात तिथे दगड भरलेले. जागोजागी कालवांचे आणि शिवल्यांचे कवच. उन्हाळ्यात अशा बांधावर ताशी बारा-पंधरा किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चाकाला दर काही इंचांवर कठीण कडेचा ठोसा बसत असतो. पावसाळ्यात तोच बांध रिमभर चिकटणारा चिखल होतो. तेव्हा तिथे कोणतेही टायर घेऊन जाऊ नये, शेतकऱ्याच्या बांधाचीही त्यात हानी होते.

ट्यूबलेसचा खरा युक्तिवाद या खुरांच्या ठशांत आहे. काट्यांचा मुद्दा आम्ही दुय्यम मानतो. नेहमीच्या टायरमध्ये ट्यूब असते; दाब कमी असताना चाक कठीण कडेवर आदळले की ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. हे टाळण्यासाठी ट्यूबवाला हवा जास्त भरतो. हवा जास्त भरली की टायर खडबडीत जमिनीवर दबत नाही, उडतो; प्रत्येक उडीत स्वाराच्या अंगाची हाडे हलतात आणि ती हालचाल त्याच्याच पायांतून आलेल्या शक्तीवर होते. कडक टायर वेगवान, ही समजूत गुळगुळीत डांबरावरही अर्धीच खरी आहे. मुरुडच्या रस्त्यावर ती सर्वथा खोटी ठरते. ट्यूब काढून टाकली की चिमटण्यासारखे आत काही उरत नाही (टायरची बाजूच रिमवर कापली जाईल इतका जोराचा आघात झाला तर गोष्ट वेगळी), आणि मग दाब उतरवता येतो. सत्तर किलोंच्या आसपासच्या स्वाराने ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये डांबरावर ४० पीएसआय, मिश्र रस्त्यावर ३५, आणि बांधावर ३० च्या जवळपास ठेवावे असे आमचे मत आहे. पुढच्या चाकात दोन-तीन कमी. हाच आकडा ट्यूबच्या टायरात ठेवला तर पहिल्याच उघाडीपाशी खाली उतरावे लागेल.

आमच्यातील काही जुने स्वार यावर हसतात. त्यांचे म्हणणे असे, की १८८८ साली डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचे टायर केले तेव्हापासून ट्यूब माणसाची सोबत करीत आली आहे, पंक्चर काढणे ही पाच मिनिटांची बाब आहे, आणि पांढऱ्या चिकट द्रवाने हात बरबटून घेण्याचे कारण नाही. त्यांच्या अनुभवाचा मान राखूनही त्यांच्याशी आम्हांस सहमत होता येत नाही. त्यांची पाच मिनिटे सावलीतली आहेत. काशीदच्या पुढे दुपारी दीड वाजता, तापलेल्या रस्त्यावर गुडघे टेकून सोल्युशन वाळण्याची वाट पाहणारा माणूस पाच मिनिटांत उठत नाही. तथापि त्यांच्या आक्षेपात एक गाभा आहे आणि तो आम्ही पुढे घेणारच आहोत.

आधी त्या पांढऱ्या द्रवाविषयी. सीलंट म्हणजे मुख्यतः रबराचा चीक, पातळ ठेवलेला, त्यात तंतू किंवा कण मिसळलेले. टायरला भोक पडले की आतली हवा हा चीक भोकाकडे ढकलते, तिथे तो साकळतो, कण अडकतात, भोक बुजते. रबराचे झाड आपली जखम अशीच बुजवते. कोकणातल्या वाचकाला हे नवे नाही. फणसाचा चीक तापवून फुटक्या मडक्याची चीर सांधण्याची युक्ती आपल्या आज्यांना ठाऊक होती. तीन-चार मिलिमीटरपर्यंतचे भोक चीक स्वतःच सांभाळतो, आणि बाभळीचा काटा, बंगल्यांच्या बांधकामांवरून रस्त्यावर येणारा बारीक खिळा, फुटलेल्या टायरांतली तार हे सारे त्या मापात बसते. ४० मिलिमीटरच्या टायरला आरंभी शंभर मिलिलिटरपर्यंत तो लागतो.

पण चीक वाळतो. बाटलीवर दोन ते सहा महिने असे काहीसे लिहिलेले असते. ते समशीतोष्ण हवेचे गणित. एप्रिल-मे महिन्यांत, सायकल गॅलरीतल्या उन्हात किंवा मोटारीच्या टपावर असेल तर, सहा आठवड्यांनी आत रबराची साय आणि काही गोळे एवढेच उरते. स्वारास मात्र आपण सुरक्षित आहोत असे वाटत राहते. दर सहा आठवड्यांनी चाक कानाशी धरून हलवावे. आत खळखळ ऐकू आली नाही तर पन्नास मिलिलिटर भरावे. ज्याला एवढे करण्याचा कंटाळा आहे, किंवा जो वर्षातून चारदाच सायकल बाहेर काढतो, त्याने ट्यूबच वापरावी. हे आम्ही उपरोधाने म्हणत नाही. वाळलेल्या चिकाचे ट्यूबलेस हे ट्यूबपेक्षा सर्व बाजूंनी वाईट.

दुसरा शत्रू मीठ. नागाव, काशीद, दिवेआगर इथली ओहोटीची ओली वाळू चाकाखाली डांबरासारखी घट्ट असते आणि मोह आवरत नाही. पण प्रत्येक व्हॉल्वच्या बुडाशी एक छोटी चकतीवजा नट असते, ती अॅल्युमिनियमची असली आणि खारे पाणी लागून तशीच राहिली की महिन्याभरात अशी धरते की हाताने फिरत नाही. घरी पकड असते. रस्त्यावर टायर चिरून ट्यूब घालण्याची वेळ आली की आधी हा व्हॉल्व काढावा लागतो, आणि तो निघत नाही. पाठीवरल्या पिशवीत ट्यूब आहे, पंप आहे, हात आहेत, आणि सारे एका नटेपाशी अडले आहे, अशी स्थिती आम्ही पाहिलेली आहे. व्हॉल्व पितळी घ्यावा, नट बोटांनीच आवळावी, आणि समुद्रावरून आल्यावर चाक गोड्या पाण्याने धुवावे.

आता जुन्या स्वारांच्या आक्षेपाचा गाभा. त्यांचे खरे म्हणणे असे आहे, की ट्यूब असलेली सायकल ही सर्वांची सायकल आहे; ती कुठल्याही गावात दुरुस्त होते. पाण्याचे घमेले, बुडबुडे, घासपट्टी, ठिगळ, हातोडीचा एक ठोका: हे ज्ञान प्रत्येक गावात आहे आणि दहा-वीस रुपयांत मिळते. ट्यूबलेसवाला या ज्ञानाच्या बाहेर पडतो. तो बाटलीवर, कुरिअरवर आणि मुंबई-पुण्यातल्या चार दुकानांवर अवलंबून होतो. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, आणि टायरची निवड करताना त्याला पहिले स्थान द्यावे असे आमचे प्रतिपादन आहे. प्रश्न ट्यूबलेस हवे की नको एवढ्यावर थांबत नाही. टपरीवरच्या माणसाच्या हातांत पडल्यावर जे टायर जगेल, ते निवडावे.

त्याच्याकडे काय आहे ते पाहा. मोटारसायकलच्या ट्यूबलेससाठी तो चिकट रबरी दोरी वापरतो. जाड सुईने ती भोकात खुपसतो. ही दोरी आपल्या टायरला फार जाड. तिच्यासाठी भोक मोठे करावे लागते आणि पातळ टायर फाटतो. म्हणून सायकलीच्या मापाच्या बारीक दोऱ्या आणि सुई स्वतःजवळ हवी. ती दाखवली की काम तो आपल्यापेक्षा सफाईने करतो, कारण हातांना सवय आहे. त्याच्याकडे ट्यूब आहे, पण ती साध्या सायकलीची, डनलॉपचे नाव आजही मिरवणाऱ्या व्हॉल्वची. तो व्हॉल्व जाड असल्याने आपल्या रिमच्या अरुंद भोकातून जातच नाही. म्हणून बारीक प्रेस्टा व्हॉल्वची एक ट्यूब बाळगावी, तिला पर्याय नाही. बाजू चिरली तर मात्र तोच आपला तारणहार: जुन्या टायरचा तुकडा कापून आतून गेटर टाकण्याची कला त्याने मालमोटारींवर गिरवलेली असते, आणि त्या गेटरवर आत ट्यूब घालून पन्नास किलोमीटर आरामात जाता येते. आयात केलेले, छान छापील कागदात गुंडाळलेले ठिगळ याहून चांगले काम करीत नाही.

आणि त्याच्याकडे कंप्रेसर आहे. इथे आमचे मत अगदी ठाम आहे. गेली काही वर्षे सायकलीच्या महाग चाकांत रिमची आतली आकडी काढून टाकण्याची रीत आली आहे. हुकलेस असे तिला म्हणतात. अशा रिमवर टायर केवळ मापाच्या अचूकतेने बसून राहतो आणि त्यात ५ बार, म्हणजे साडेबहात्तर पीएसआयच्या वर हवा भरू नये असा दंडक आहे. युरोपातल्या स्वाराच्या पंपाला काटा असतो, त्याला हा दंडक पाळता येतो. टपरीवरचा कंप्रेसर मालमोटारीसाठी लावलेला असतो. चाळीस मिलिमीटरच्या टायरमध्ये तो काही सेकंदांत ही मर्यादा ओलांडतो, आणि काटा बहुधा बंद असतो. रिमवरून सुटलेला टायर चेहऱ्याजवळ फुटतो, आणि तो चेहरा आपला नसतो, वाकून हवा भरणाऱ्या पोराचा असतो. रायगडच्या किनाऱ्यावर आकडीच्या रिमखेरीज काही घेऊ नये. पन्नास-शंभर ग्रॅम वजन वाचवण्यासाठी आणि कारखान्याचा खर्च कमी व्हावा म्हणून हा धोका त्या पोरावर ढकलणे आम्हांस अनीतीचे वाटते. आकडीच्या रिमवरही हवा शक्यतो आपल्याच हातपंपाने भरावी. टायर बसवण्यासाठी झटका लागलाच, तर प्रेस्टावर चढवायची पितळी टोपी जवळ ठेवावी आणि दोन क्षणांत नळी काढावी.

नक्षीविषयी फार बोलण्यासारखे नाही, जरी परीक्षणांचा निम्मा भाग तीच व्यापते. मांडव्यापासून बागमांडल्यापर्यंत, मध्ये आगरदांडा ते दिघी फेरीबोट धरून, जो प्रवास होतो त्यात डांबर आणि गावांतले काँक्रीट यांचाच वाटा मोठा. मधला पट्टा जवळजवळ गुळगुळीत, कडांना छोटे उंचवटे, एवढे पुरे. पॅनारेसरचा ग्रॅव्हलकिंग एसएस या घडणीचा आहे. कॉन्टिनेंटलच्या टेरा स्पीडचे बुटके खूर किंवा श्वाल्बेच्या जी-वनचे गोल ठिपकेही चालतात. यांत डावे-उजवे करण्यात आम्हांस रस नाही. खोल खुरांचे टायर या किनाऱ्यावर कुठेच कामी येत नाहीत: खारेपाटाचा चिखल त्यांच्यात भरून राहतो, शेवाळलेल्या जांभ्यावर ते गुळगुळीत टायरइतकेच घसरतात, आणि डांबरावर दिवसभर गुणगुणतात. रुंदी मात्र फ्रेम घेईल तितकी घ्यावी. ३८ च्या खाली जाऊ नये, ४२ च्या वर गेल्यास चिखलास जागा उरते का ते पाहावे. टायरवर ४०-६२२ असा आकडा असतो. दुसरा अंक रिमचा व्यास, तो जुळल्यावाचून बाकी सारी चर्चा व्यर्थ.

ज्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते ती गोष्ट म्हणजे बाजूचे कापड. एकाच टायरच्या दोन आवृत्त्या असतात: एक हलकी, पातळ बाजूची, दुसरी जड, बाजूंना जादा थर असलेली. परीक्षक पहिलीची स्तुती करतो, कारण ती मऊ आणि वेगवान. आमच्या काळ्या खडीच्या प्रदेशात दुसरीच घ्यावी. दोन आयात टायरांच्या किमतीत एक नवी साधी सायकल येते. इतका पैसा घातल्यावर पेझारीच्या पुढे पहिल्याच खड्ड्यात बाजू चिरू देणे परवडत नाही.

साध्या सायकलीचा उल्लेख आला म्हणून. आक्षीला किंवा कोर्लईला पहाटे जाळ्यांकडे निघालेला माणूस, शाळेला निघालेली मुले, यांच्या चाकांत ट्यूब आहे आणि ती तिथेच असावी. त्यांचे अंतर पाच किलोमीटर, टपरी वाटेवरच. ट्यूबलेस म्हणजे प्रगती आणि ट्यूब म्हणजे मागासलेपण अशी भाषा अलीकडे सायकलवाल्यांत ऐकू येते, ती आम्हांस रुचत नाही. आमच्यासारख्या हौशी माणसाने रहदारी टाळून बांधांवरून आणि माळांवरून शंभर किलोमीटर जायचे ठरवले, म्हणून त्याला दाब उतरवावा लागतो आणि चीक भरावा लागतो. गरज त्याची आहे.

हा हिशेबही कायमचा नाही. रेवस-रेड्डी सागरी मार्गाच्या खाड्यांवरील पुलांची कामे हाती घेतली गेली आहेत, रुंदीकरण चालू आहे, आणि ती पुरी होतील तेव्हा फेरीबोटींचे धक्के आणि जुन्या अरुंद रस्त्याचे तुकडे बाजूला पडतील. ते तुकडे उखडतील, त्यांना कोणी डांबर घालणार नाही, त्यांच्यावर मुरूम आणि गवत येईल. म्हणजे सायकलवाल्यास हवा असलेला कच्चा रस्ता तिथे आपोआप तयार होईल, आणि त्याच वेळी टपऱ्या उठून नव्या मार्गावर जातील. तेव्हा बारीक दोऱ्यांचे पाकीट दुप्पट न्यावे लागेल.